कडेवरची हजेरी

मुक्काम पुण्याच्या पलीकडे, बारा मजली साइट (सध्या सातच झाले)
रविवार, २९ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप लखीराममामा अन् रामीबाई मामी यांच्या पायावर खेमसिंगनं इथूनच डोकं ठेवलं आहे, ते आशीर्वाद देऊन उचलावं. जय सेवालाल.

इकडे सर्व क्षेम असून तुमचं क्षेम कळवत जावं. हे वाक्य मी पाठीकडून शिकलो. आपल्या शाळेत चौथीच्या ओळीले पत्रलेखन चालू असे, तवा मी पहिलीच्या ओळीत त्याईच्याकडे पाठ करून बसलेला राहो. म्हणून ऐकू आलं तेवढं याद आहे, पण क्षेम म्हणजे नेमकं काय, ते आजपर्यंत समोरून पाहिलं नाही. ताप नाही, जुलाब नाही, जेवण दोन टाइम आहे, तेच असन. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळून राह्यले का शिशीकडे नुसतं पाहून राह्यले? मामीचा खोकला गेला का? काळी गाय व्याली का? पऱ्हाटीचा पहिला वेचा आता निघाला असन. बोंड भरलं पण भाव भरला नाही, असं बसस्टँडवर महागावकडचा एक माणूस भेटलता तो सांगत होता. इथी दुकानात मीनं एक गादी पाहिली. तिच्यात कापूस नाही, कसला तरी फेस भरला आहे, अन् किंमत आपल्या कापसाच्या गादीच्या चौपट. हे असं काहून, म्हणून मीनं दुकानदाराले विचारलं. तो म्हणे, घ्याची नसन त हात लावू नको. म्हणजे त्यालेबी मालूम नव्हतं.

उज्ज्वला, तू हे पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून राह्यली असशीन अन् आजूबाजूचे चार घरचे ऐकून राह्यले असतीन. एक नियम सांगतो. कंसातलं मनात वाचाचं. मागच्या खेपेले मीनं मामीच्या अंबाडीच्या भाजीबद्दल कंसात लिहिलतं, ते तू अख्ख्या तांड्यासमोर वाचलं, अन् मामीनं निरोप धाडला का आता येशीन त चटणीभाकर खाशीन. मामा, तुम्ही मनात काही आणू नका, कंसात तुमच्याबद्दल काही नाही. (जवळपास नाही.) तरीबी तू वाचते म्हणून लिहाले हात उठते. तू दुसरीत गेली नव्हती तोपर्यंत हरिसिंग आपले कागद वाचे. रुपीबाईच्या पोराचं पत्र त्यानं वाचलं, त ते तिच्या घरी जायच्या आधी चहाच्या टपरीवर पोचलतं, अन् सून पळून गेल्याचा मजकूर त्यानं आपल्या मनानं जोडलता. ती बिचारी सून तवा घरात भाकरी थापून राह्यलती.

आता तुह्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींबद्दल. त्याच्यात तू लिहिलं का आता पंधरा दिवसानं सुट्या संपून शाळा उघडन तवा तू जाणार नाही. मामी वेचाले जाईन, या भावात बाया लावणं परवडत नाही, अन् तुहा भाऊ ओम अडीच वर्षाचा, त्याले घरी पाहाले कोणी पाहिजे. मामा, याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही मोठे, वरून शाळेच्या समितीचे मेंबर. (शाळा समितीत बाप अन् शाळेबाहेर पोरगी, पण मी बोललो का? नाही बोललो.) मी फक्त माही इकडची फजिती सांगतो. ऐकून सोडून द्या.

तुम्ही नेहमी म्हणता, खेमाच्या पायाले भोवरा आहे. खोटं नाही. जिनिंग सोडली, वीटभट्टी सोडली, नांदेडच्या हॉटेलातून त मालक भजे तळत असताना निघालो. पण मामा, मले कामाचा कंटाळा नाही. एखाद्या जागी सगळं कसं चालते ते समजलं का मंग तिथी बसून काय कराव, हे मले समजत नाही. या साइटवर सहा महिने टिकलो, कारण बिल्डिंगच दर महिन्याले एक मजला चढते. आपण तिथंच राहतो अन् गाव बदलल्यासारखं वाटते.

विटा वाहताना मी चौथीचा भूगोल म्हणत असतो. पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा, अशा पाच नद्यांत एक मजला चढून होते. आमचा मुकादम किसनसिंग, तो आपल्यातलाच, दिग्रसकडचा. एका दुपारी त्याच्याकडे एका संस्थेच्या विमलताई आल्या. साइटवर पत्र्याचं एक शेड आहे, तिथी त्या मजुराईच्या पोट्ट्याईची शाळा चालवते. तिथली बाई दिवाळीले गावी गेलती, ती महिनाभर येणार नव्हती. ताई विचारे, तुमच्यात कोणी शिकलेला आहे का? किसनसिंगनं माह्याकडे बोट केलं. म्हणे, "हा घ्या. दिवसभर नद्या वाहत असते. तसाबी विटा कमीच उचलते." ताईनं विचारलं, कितवी शिकला? मी खरं बोललो. म्हटलं, ऐकून चौथी. ताईले घाई होती, ती चौथीवर खूश झाली, ऐकूनपाशी थांबली नाही.

असा मी सर झालो. (उज्ज्वला, हे वाक्य दोनदा वाच अन् हरिसिंगच्या घराकडे तोंड करून वाच.)

पहिल्या दिवशी शेडात एकतीस पोट्टे. कोणी बिहारचं, कोणी लातूरकडचं, कोणी ओरिसाचं, आपल्या तांड्याईतले सात. वयानं म्हणाल त एक तेरा वर्षाचा, त्याले मिसरूड फुटून राह्यलतं, अन् एक इतकं बारकं का त्याले मी आधी बोचकं समजलो. याईच्या ओळी कशा लावाव? मीनं विचार केला, पहिलीतला लहान असते अन् चौथीतला मोठा असते, म्हणून उंचीनं लावल्या. बुटके पहिलीत, लंबे चौथीत. दहा मिनिटात काम झालं, मलेच माहं कवतिक वाटलं. तेवढ्यात पहिलीच्या ओळीतून एक पोट्टी उठली. जिया नाव. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची, बाप रहेमान मिस्त्री, इथी सेंट्रिंगचं काम करते. वय नऊ, उंची माह्या कमरेइतकी, अन् कडेवर तारिक नावाचा भाऊ, तो तिच्या अर्धा. कंबरेवर हात ठेवून मले म्हणे, "काका, ये इस्कूल है का विटा रचून राह्यले?"

मीनं तिले दाबाले म्हणून चौथीतल्या मिसरूडवाल्याले पुस्तक देऊन वाचाले लावलं. त्यानं पुस्तक उलटं धरलं अन् इतक्या शांतपणे पानाकडे पाहिलं का मलेच वाटलं, मी उलटा उभा आहो. त्यानं जन्मात शाळा पाहिली नव्हती. मंग जियानं ते पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, सुलटं केलं, अन् तारिकले या कडेवरून त्या कडेवर घेत अख्खा धडा वाचून टाकला. उंचीचा कारभार तिथंच संपला.

तवा मले आपल्या शाळेची याद आली, अन् तवापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राह्यली आहे. पेंदोर गुरुजी एकटे चार वर्ग कसे चालवत होते? मामा, तुम्ही त ती खोली समितीच्या मीटिंगले पाहिली आहे, पण भरलेली पाहिली नाही. चार भिंतीईले चार फळे. पहिलीचं तोंड दाराकडे, दुसरीचं खिडकीकडे, तिसरीचं कपाटाकडे, चौथीचं गांधीबाबाकडे. सगळ्याईच्या पाठी एकमेकाकडे. मधात जी चार हात जागा राहे, तिच्यात गुरुजी घाण्याच्या बैलासारखे फिरत. चौथीले गणित टाकून दिलं का पहिलीकडे, पहिलीले गिरवाले देऊन तिसरीकडे. पहिलीतल्या लेकराईले मराठी येत नसे, घरी फक्त आपली बोली. गुरुजी केळापूरकडचे, त्याईच्या घरी गोंडी, म्हणजे मराठी त्याईलेबी पाहुणीच. गुरुजी मराठीत सांगत, चौथीतला पोट्टा मान वळवून ते गोरबोलीत पहिलीले सांगे, अन् पहिलीतलं लेकरू जे उत्तर देईन ते पुन्हा उलट्या वाटेनं गुरुजीकडे जाई. कितीक वेळा मधातला पोट्टाच आपल्या मनानं उत्तर देऊन टाके. शिकत कोण होतं, अन् शिकवत कोण होतं, हे मले तवा समजलं नाही, आताबी अर्धंच समजते.

मंग मी पाचवीले महागावच्या आश्रमशाळेत गेलो अन् आठव्या दिवशी पळून आलो, ते तुम्हाले मालूम आहे. तुम्ही तवा विचारलतं, काहून पळाला, अन् मीनं वरणात अळ्या निघते असं सांगतलतं. अळ्या खऱ्या होत्या, पण कारण येगळं होतं. तिथी एका खोलीत एकच वर्ग. चाळीस पोट्टे एकाच वयाचे. सगळ्याईले येते तेच येते, अन् जे येत नाही ते कोणालेच येत नाही. मंग विचाराव कोणाले? पाठीमागून काहीच ऐकू येत नव्हतं. मले असं वाटे का एका कानानं बहिरा झालो.

म्हणून दुसऱ्या दिवशी शेडात मीनं गुरुजीची पद्धत लावली. चार भिंती, चार फळे. दोन भिंती पत्र्याच्या होत्या, त्या मीनं मिक्सरच्या जळक्या ऑइलनं काळ्या केल्या. तिसऱ्या भिंतीले दाराचं फाटक, तोच फळा. चौथी भिंतच नव्हती, तिथी सिमेंटच्या पोत्याईची थप्पी लावलेली होती, छातीइतकी उंच, एकदम सपाट. माणसाले बुद्धी सुचते तवा अशीच सुचते. मीनं पोतेबी काळे केले अन् त्याच्यावर तिसरीसाठी तेराचा पाढा लिहिला. असा ठसठशीत पाढा मीनं आयुष्यात लिहिला नाही. दुपारी जेवून येतो त तिसरीची ओळ उघड्या मैदानाकडे तोंड करून बसलेली. सातव्या मजल्यावर माल पाहिजे होता, गडी थप्पी उचलून घेऊन गेलते. तेर पंचे पर्यंतचा माल मिक्सरात पडला, तेर सक्कम लिफ्टमध्ये होतं. सुपरवायझरनं मले वर बोलावलं, काळं पोतं दाखवलं अन् जे बोलला ते कंसातबी लिहिता येत नाही. तर मामा, या बिल्डिंगच्या सातव्या स्लॅबमध्ये तेराचा पाढा भरला आहे. उद्या इथी कोणाच्या लेकराले तेरा पाठ झाले त त्याईनं माहं नाव घ्याव.

पण खरी चूक पुढेच आहे, अन् ती मी तुम्हाले सांगतो कारण ती शहाण्या माणसाची चूक होती. एकतीस पोट्ट्याईतले अकरा बारके होते, कोणाच्या न् कोणाच्या कडेवर आलेले. एक रडे, दुसरं खडू खाये, तिसरं दुसऱ्याचा खडू खाये. मीनं म्हटलं, शाळा म्हणजे शाळा. उद्यापासून कडेवर कोणाले आणाचं नाही. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले नऊ जण. मीनं वाट पाहिली, घंटा म्हणून पाइपावर सळई वाजवली, पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली त जेवणाची सुट्टी समजून चार मिस्त्री आले. मंग मी बाहेर जाऊन पाहतो त काय. वाळूच्या ढिगाऱ्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, झोपड्याच्या दारात, सगळी माही शाळा बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर एक बारकं. मीनं अकरा बारक्याईले मनाई केली अन् त्याईच्यासकट बावीस जण गेले. घरी दुसरं कोणी आहेच नाही. माय डोक्यावर घमेलं घेऊन वर, बाप वर. अन् गेल्या कोण, त हुशार त्याच. ज्याच्या कडेवर लेकरू टिकते त्याच्याच अंगात अक्कल असते, नाहीत त माय देईन कायले? चौथीची ओळ पूर्ण खाली. नऊ जे राह्यले ते असे होते का त्याईच्या घरच्याईनं त्याईच्या हाती कोंबडीबी दिली नसती.

जिया टाकीपाशी बसलती. तारिकच्या पायावर ओल्या वाळूचा खोपा करत होती अन् तोंडानं तेराचाच पाढा म्हणत होती. मले पाहून म्हणे, "काका, तुमची इस्कूल अच्छी चालून राह्यली क्या?" अन् तोंड फिरवलं.

मामा, मी तिथी वाळूवर बसलो अन् मले मैनीची याद आली. आपली मैना, माही बहीण, दोन वर्षाची होती. आमची माय, याडी, वेचाले जाये अन् मैनीले माह्या कडेवर देऊन जाये. मी पहिलीत. पहिल्या दिवशी मी तिले घेऊन शाळेच्या दाराशी उभा राह्यलो, आत जायची हिंमत नव्हती, घरी जायची इच्छा नव्हती. पेंदोर गुरुजीनं चष्म्यावरून पाहिलं. एक फुटकी पाटी घेतली, पहिलीच्या ओळीच्या शेवटी ठेवली, अन् म्हणाले, "बेस." आपल्या बोलीतला तेवढाच एक शब्द त्याईले येत होता, बस म्हणाचा. मैना बसली. मंग हजेरी घेताना सगळे नावं झाल्यावर, वही मिटून, गुरुजीनं हाक मारली, मैना खेमसिंगची! कागदावर तिचं नाव नव्हतं, असू शकत नव्हतं. पण रोज वही मिटली का ती हाक होये. दीड महिना ती नुसती पाहे. अन् एका दिवशी ती बोलली, हजर. तोपर्यंत ती घरी याडीले याडीबी म्हणत नव्हती. तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द तो. संध्याकाळी याडीनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं अन् मैनीले जवळ घेतलं, त मैना तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, हजर. याडी घाबरली, मले म्हणे, शाळेत काय खाऊ घातलं?

मी तिच्यासाठी पुढची तीन वर्षंबी पहिलीच्याच ओळीत बसलो, कारण दुसरीकडे सरकलो का ती भोंगा पसरे. म्हणून माहे कान चौथी पास झाले अन् हात पहिलीतच राह्यले. पण मैना? तिले कोणी शिकवलं नाही, ती फक्त चार वर्षं त्या खोलीत रांगली, पडली, झोपली, सगळ्याईचे पाढे अंगावरून वारं गेल्यासारखे गेले. सहाव्या वर्षी तिचं नाव खरोखर वहीत घातलं तवा गुरुजी तिले विचारत, अन् तिले सगळंच येत होतं. आज ती पुसदले बारावी करून राह्यली, हे तुम्ही लग्नाकार्यात सगळ्याईले सांगता, माही भाची म्हणून. सांगा, सांगावच. पण ती शाळेत कशी पोचली ते कधी सांगत नाही. माह्या कडेवरून पोचली. (उज्ज्वला, इथी थोडी थांब. पाणी पी. मामाच्या तोंडाकडे पाहू नको.)

तर मी वाळूवरून उठलो, प्रत्येक झोपडीपुढे गेलो अन् माफी मागतली. दुसऱ्या दिवशी एकतीस आले, एक बकरी धरून बत्तीस. बारक्याईसाठी मीनं पहिलीच्या पुढे सिमेंटचे रिकामे पोते अंथरले अन् हजेरी संपली का वही मिटून एकेकाचं नाव घेतलं. तारिक रहेमानचा! तो काहीच बोलला नाही, पण अंगठा तोंडातून काढला, हे मीनं हजेरीत धरलं. आठव्या दिवशी अकरातले चार बोलले. ओरिसाचं एक पोट्टं आहे, त्याची भाषा साइटवर त्याच्या मायबापाशिवाय कोणालेच येत नाही, तेबी म्हणते, हजर.

आता गुरुजीची दुसरी गोष्टबी थोडी उमगली. पाठ आमच्याकडे असताना त्याईले पाठीमागची मारामारी कशी समजे? मले वाटे, चष्म्याच्या काचेत दिसत असन. तसं नाही. चार वर्ग एका खोलीत असले का एक गुणगुण राहते, आग्यामोहोळासारखी. ती चालू आहे तोपर्यंत सगळं बरं. एक कोपरा गप्प झाला का समजाचं, तिथी काहीतरी शिजून राह्यलं. मी परवा दुसरीकडे तोंड करून होतो, डावीकडची गुणगुण थांबली, मी न पाहताच ओरडलो, "अबे, सोड त्याले!" खरोखरच एकानं दुसऱ्याची शेंडी धरलती. अख्खी शाळा माह्याकडे देव पाहाव तशी पाहून राह्यलती. पण जेव्हा चारही बाजू एकदम गप होते तवा काय समजाव, ते मले मालूम नाही. उज्ज्वला, ते गुरुजीले विचारून लिहून पाठव. (शाळेत गेली त विचारता येईन. नाही गेली त कुठी विचारशीन?)

शुक्रवारी विमलताई पाहणीले आल्या. मले वाटलं, पोते पाहून, बकरी पाहून, आता माही रवानगी पुन्हा विटावर. त्या दाराशी उभ्या राह्यल्या. मिसरूडवाला जियाजवळ बसून बाराखडी गिरवत होता अन् त्याच्या मांडीवर तारिक झोपलता, म्हणजे जियाचे दोन्ही हात मोकळे. जाताना ताई मले म्हणाल्या, वह्या किती पाहिजेत? मीनं म्हटलं, एकतीस. मंग आठवलं अन् म्हटलं, बत्तीस.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याले तेल लावत जावं, मामीनं दवाखान्यात जावं, काळ्या गाईच्या कपाळावर माह्या नावानं हात फिरवावा. मोठ्याईले नमस्कार, लहानाईले पापे, अन् हरिसिंगले यातलं जे समजन ते समजू द्यावं.

तुमचाच भाचा,
खेमसिंग

ता.क. मामा, मी बोलणार नाही म्हटलतं, अन् पत्रात बोललो नाही. पत्र वर संपलं. हे ता.क. आहे. ओमले घरी पाहाले कोणी पाहिजे, हे खरं. पण घरीच पाहिजे असं कुठी आहे? शाळा तांड्यातच, तुमच्या ओट्यावरून दिसते. उज्ज्वलाले त्याले कडेवर घेऊन जाऊ द्या. पेंदोर गुरुजी अजून तेच आहेत, खोलीबी तीच आहे. जिथी चार वर्ग बसते तिथी पाचवा पोत्यावर बसन. समितीच्या मीटिंगमध्ये तुम्ही फक्त एक पोतं मागा. समितीच्या माणसानं आजपर्यंत काही मागतलं नाही, गुरुजीले धक्का बसन, पण देतीन.

ता.क. दुसरं. हे नाही जमलं त हरकत नाही, तुमची मर्जी. मी पत्रं लिहितच राहीन. उज्ज्वला आता चौथीत आहे, जोडाक्षरावर अजून अडखळते. शाळा सुटली का वर्षभरात आहे तेबी विसरन. तवा माही पत्रं, सोसायटीचे कागद, मैनीच्या कॉलेजचे कागद, सगळे वाचाले हरिसिंग आहेच. तो चहा घेते फक्त. पुढचं पत्र तुमच्या गुडघ्याबद्दल अन् मामीच्या भाजीबद्दल सविस्तर लिहाचा विचार आहे.

ता.क. तिसरं, हे मी लिहिलं नाही:

मामाजींना जियाचा सलाम. हे पत्र खेमाकाकांनी आठ दिवस लिहिलं. मी तपासलं आहे. वेलांट्या मी दुरुस्त केल्या, बोलतात तसं लिहितात ते तसंच ठेवलं, कारण ते ऐकत नाहीत. ते सर आहेत हे खोटं आहे. ते हजेरी घेतात आणि मग दुसरीच्या ओळीत बसतात. दुसरी माझ्याकडे आहे. वाचन बरं, अक्षर कोंबडीचं, बोलणं फार. दहापैकी सहा मार्क दिले. तारिक कडेवर आहे म्हणून माझं अक्षर हललं, माफ करा. त्याला पण सहा दिले.

ता.क. शेवटचं. (उज्ज्वला, हे सगळं कंसात आहे, म्हणजे तोंड बंद. वाचून झाल्यावर मामा गप्प बसले असतीन. बसू दे. काही शिजून राह्यलं असं समजाचं. हट्ट करू नको, रडू नको, पत्र घडी करून फळीवर ठेव. शाळा उघडन त्या सकाळी दप्तर एका खांद्याले लाव, ओमचं नाक पूस, त्याले दुसऱ्या कडेवर घे, अन् मामाच्या खाटेसमोरून हळूहळू जा. मामा विचारतीन, कुठी चालली? तू बोलू नको. ओमले बोलू दे. पंधरा दिवस आहेत अन् एकच शब्द शिकवाचा आहे.)